वीस लिटरची टाकी

कॉलेजात सगळे त्यांना पोवळेबाई म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीला लागून चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी होती, तिच्यात जिवंत पोवळी होती, आणि सव्वीस वर्षं ती टाकी बाई सांभाळत होत्या, म्हणून पोवळेबाई. एकदा ऑफिसात नव्याने आलेल्या कारकुनाने ते आडनावच समजून हजेरीपटावर चढवलं, आणि दोन महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. बाईंच्या आलं होतं. त्या बोलल्या नाहीत. त्यांना ते नाव आवडलं होतं.

पद म्हणाल तर प्रयोगशाळा मदतनीसाचं. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकं मोजून कपाटात ठेवायची, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. प्राध्यापक आले आणि गेले, विभागप्रमुख चार झाले, टाकी आणि बाई मात्र जिथल्या तिथे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारणारी माणसं एकेक करून म्हातारी झाली आणि प्रश्नही मागे पडला. घरी आई होती. तिने अंथरूण धरलं ती नऊ वर्षं बाईंनीच काढली, कारण दोन्ही भाऊ आणि बहीण परगावी आपापल्या संसारात होती. आई गेली, आणि वर्ष उलटायच्या आत बाई निवृत्तही झाल्या. मग आईचं घर विकायचं ठरलं. धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तुझं एक घर गेलं, तीन आली. हवं तिथे राहा." तो मनापासून बोलला होता. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो हे बाईंना ठाऊक होतं; तीन घरच्या पाहुण्याचं काय होतं, ते म्हणीत कुठे सांगितलेलं नव्हतं.

उपाशी तर त्या राहिल्याच नाहीत. उलट त्यांना मागणी आली. मधल्या भावाच्या मुलीची शाळेची शेवटची परीक्षा, धाकट्याकडे तीन वर्षांची जुळी, बहिणीच्या नवऱ्याचा मोडलेला हात. एका घरी आत्या, दुसऱ्या घरी मावशी, तिसऱ्या घरी पुन्हा आत्या. ताईशिवाय आमचं पान हलत नाही, असं तिन्ही घरांतून म्हटलं जाई आणि ते खोटं नव्हतं. बाईंची बॅग कधी पूर्ण रिकामी होत नसे. तळाला एक जोडी कपडे कायमचे घडी करून ठेवलेले असत.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी कॉलेजातून निरोप आला, की टाकीची जागा संगणकांना हवी आहे. मोठी पोवळी, खडक, मासे, सगळं एका हॉटेलाच्या दर्शनी दालनात जाणार होतं. बाईंची काही इच्छा असेल तर सांगा, असं नवे विभागप्रमुख सौजन्याने म्हणाले. बाईंनी एकच तुकडा मागितला. त्या पोवळ्याला दुकानात लेदर म्हणतात; बाई त्याला छत्री म्हणत. खाली जाड देठ, वर पसरट टोपी, आणि टोपीवर शेकडो बारीक बोटं, पाण्याच्या ओढीबरोबर डुलणारी. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षी एका प्राध्यापकांनी ते अंगठ्याएवढं आणलं होतं. आता थोरली छत्री जेवणाच्या ताटाएवढी होती आणि तिच्या बाजूला दगडावर मुठीएवढी एक वेगळी फुटली होती. ती धाकटी बाईंना मिळाली. थोरली हॉटेलात गेली आणि महिन्याभरात संपली. कुणी काही वाईट केलं नाही. तिथे बघणारं कुणी नव्हतं, इतकंच.

धाकट्या छत्रीसाठी टाकी घ्यायला बाई ज्या दुकानात गेल्या, त्याचा दुकानदार वीस वर्षं विभागात समुद्री मिठाच्या पिशव्या पोचवत आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आता डोक्यावर केस नव्हते. छत्री त्याच्याचकडे एका कोपऱ्यातल्या टाकीत मुक्कामाला होती. त्याने टाकीबद्दल विचारलंच नाही.

"मुक्काम कुठे असतो हल्ली, बाई?"

"ज्याला गरज असेल तिथे."

"एका जागी सलग किती दिवस?"

बाईंनी आठवून सांगितलं, कधी तीन महिने, कधी पंधरा दिवस. फोन आला की निघायचं.

तो म्हणाला, "मी विकायला बसलोय खरा, पण तुम्हाला खोटं नाही सांगणार. फोटो काढून भिंतीवर लावा."

"भिंत कुणाची, तेही सांग मग."

त्याने बाईंना स्टूल दिलं आणि टाक्या दाखवायला सुरुवात केली. लोक येतात, त्याने सांगितलं, धावपळीची नोकरी असते, आठवड्यातले चार दिवस बाहेर, आणि त्यांना लहान टाकी हवी असते, कारण लहान म्हणजे कमी काम असं वाटतं. खरं उलटं आहे. मोठी टाकी चूक पोटात घालते. लहान टाकी ती तुमच्या तोंडावर फेकते. पाणी थोडं, म्हणून ते लवकर तापतं, लवकर गार होतं, लवकर खारट होतं. बाईंना हे सगळं पाठ होतं. तरी त्यांनी ते ऐकून घेतलं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांच्याशी त्यांच्या विषयावर बोलत होतं.

आधी त्याने आठ लिटरची गोल बरणी दाखवली. दिसायला देखणी, हातात उचलून कुठेही नेता येईल अशी. बाईंनी मान हलवली. खिडकीतून तासभर ऊन आलं तर आतलं सगळं शिजून निघेल. मग त्याने दिवा, पंप, पाणी घालायचं यंत्र, सगळं आपोआप चालणारी एक टाकी दाखवली. तिला सहा वायरी होत्या. दुसऱ्याच्या घरात सहा वायरी लावायला जागा मागायची म्हणजे काय, हे बाईंना माहीत होतं. शेवटी एक वीस लिटरची निघाली. मागच्या कप्प्यात पंप आणि पाणी कोमट ठेवणारा हीटर, वर झाकण, झाकणात ठरलेल्या वेळी लागणारा आणि विझणारा दिवा. एकच वायर. झाकणामुळे पाण्याची वाफ होऊन उडण्याचं प्रमाण कमी. चारातले तीन हिस्से पाणी काढलं तर एका माणसाला उचलता येईल. बाईंनी ती रिकामीच उचलली, दुकानात दोन फेऱ्या मारल्या, दाराची पायरी उतरून चढून बघितली.

"सोबतीला एखादा छोटा मासा टाकू?" दुकानदाराने विचारलं. "नुसतं पोवळं म्हणजे लोकांना ओकंओकं वाटतं."

"नको. मासा म्हटला की दोन वेळचं खाणं आलं. खाणं आलं की कुणाच्या तरी तोंडाकडे बघणं आलं. छत्रीला उजेड पुरतो."

तशी ती टाकी मधल्या भावाच्या घरी आली. बाईंचा जास्तीत जास्त मुक्काम तिथेच असे, भाचीच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर. टाकी बसली बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या फळीवर. भावजयीने त्यासाठी जाडजूड शब्दकोश वरच्या फळीवर हलवले. भावाने टाकीभोवती फिरून बघितलं आणि म्हणाला, "लोक पोवळं अंगठीत घालतात. आमच्या ताईने त्याला अंघोळ घालायला ठेवलंय." सगळे हसले, बाईही हसल्या.

छत्री दहा दिवस आक्रसून बसली होती. अकराव्या सकाळी बाई उठून आल्या तर टोपी पसरलेली, आणि तिच्यावरची सगळी बोटं बाहेर. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या दिवसापासून घर जागं व्हायच्या आधीची दहा मिनिटं त्या टाकीसमोर बसू लागल्या. दिवसभरात तेवढीच दहा मिनिटं त्यांना कुणी हाक मारत नसे.

मग धाकट्याचा फोन आला. जुळ्यांना सांभाळणारी बाई सोडून गेली होती, नवी मिळेपर्यंत ये. बाईंनी टाकी बरोबर घ्यायचं ठरवलं. त्यासाठीच तर ती तशी निवडली होती. छत्री आणि दगड झाकणाच्या बादलीत, बादलीत हवा सोडणारा बॅटरीवरचा छोटा पंप, टाकी चादरीत गुंडाळलेली. बसमध्ये साडेचार तास त्या बादली दोन्ही पायांत धरून बसल्या. शेजारच्या माणसाने दूध आहे का म्हणून विचारलं. बाईंनी हो म्हटलं.

छत्री प्रवासात टिकली. बिनसलं वेगळंच. जुळ्यांपैकी एकाने तिसऱ्या दिवशी झाकण उघडून आत खेळण्यातली मोटार सोडली, दुसऱ्याने ती काढायला कोपरापर्यंत हात घातला, आणि खारं पाणी धाकट्याच्या बायकोच्या नव्या लाकडी कपाटावर सांडलं. बाईंनी लगेच पुसलं, तरी लाकूड फुगलं. धाकट्याची बायको चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या कपाटावर, टेबलावर आणि टीव्हीखालच्या फळीवर प्लास्टिक अंथरलेलं होतं. बाई काय ते समजल्या. परतीच्या प्रवासात त्यांनी कानाला खडा लावला: आपण फिरायचं, टाकीने नाही. मधल्या भावाच्या घरी ती एका जागी राहील आणि भावजयीला सगळं शिकवायचं.

भावजय एका कुरिअर कंपनीत पार्सलांच्या नोंदी बघत असे. तिच्या हातून कधी काही हरवत नसे. घर आरशासारखं, डब्यांवर नावं, किल्ल्या खिळ्यांवर. बाईंना याहून चांगला माणूस मिळाला नसता. भावजयीने काचेवर पाण्याच्या उंचीची बारीक रेघ मारून घेतली. पाणी उडतं, मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची, खाऱ्या नाही. हे तिला एकदाच सांगावं लागलं. बाईंनी एका कागदावर सात सूचना मोठ्या अक्षरांत लिहिल्या. पाणी किती, उजेड किती वेळ, हीटरचा लाल दिवा विझला तर काय, वीज गेली तर काय, काच कशाने पुसायची, कशाने पुसायची नाही, आणि शेवटी दुकानदाराचा नंबर. भावजयीने तो कागद फ्रीजवर लावला. आठवडाभर बाईंनी टाकीला हात लावला नाही, नुसतं बघितलं. भावजय त्यांच्याइतकंच नीट करत होती.

महिनाभराने बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. बहिणीच्या पोटात अचानक दुखू लागलं होतं, दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर आजच शस्त्रक्रिया करायची म्हणत होते. मेहुण्यांना बोलताना धाप लागत होती. बाई तासाभरात निघाल्या. दाराशी भावजय म्हणाली, "ताई, टाकीची काळजी तुम्ही अजिबात करू नका." बाईंनी खरंच केली नाही. इतकी निर्धास्त त्या आयुष्यात कधी घराबाहेर पडल्या नव्हत्या.

बहीण बरी व्हायच्या ऐवजी बिघडत गेली. टाके पिकले, ताप उतरेना. बाई दिवसभर तिच्या उशाशी आणि संध्याकाळी तिच्या घरच्या कामाला. पहिले काही दिवस भावजय रोज टाकीचा फोटो पाठवत असे. मग बाईंनीच सांगितलं, रोज नको, तुलाही कामं आहेत. पंधराव्या दिवशी दुपारी बहिणीला दुसऱ्यांदा आत नेलं. दार बंद झालं, त्यावरचा दिवा लागला, आणि त्याच क्षणी बाईंचा फोन वाजला.

"ताई, जरा विचारायचं होतं. ते तुमच्या छत्रीचं..."

"आत्ता नाही गं," बाई म्हणाल्या. "हिला परत आत नेलंय. मी नंतर करते."

नंतर त्या विसरल्या. बहीण दोन दिवस शुद्धीवर नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा बाईंना आपण शेवटचं कधी जेवलो तेही आठवत नव्हतं. भावजयीनेही पुन्हा फोन केला नाही. एवढ्या मोठ्या संकटात आपण पोवळ्याचं काय घेऊन बसलो, याची तिला लाज वाटली होती, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं.

तेवीस दिवसांनी बाई परतल्या. दुपारची वेळ होती, आणि भावजय घरी होती. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"ताई, आधी बसा. पाणी घ्या."

बाईंना बसायच्या आधीच दिसलं. खालच्या फळीवर टाकी होती तिथेच होती. कोरडी, रिकामी, इतकी लख्ख पुसलेली की मागच्या भिंतीवरची रंगाची भेग तिच्यातून दिसत होती. शेजारी पारदर्शक पिशवीत पंप, हीटर आणि नळी धुऊन, पुसून, गुंडाळून ठेवलेली. पिशवीवर चिठ्ठी: ताईंच्या टाकीचं सामान.

भावजयीने सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौदाव्या दिवशी छत्रीने बोटं आत घेतली. पंधराव्या दिवशी टोपी आक्रसली, रंग उडाला. तिने पाणी तपासलं, उजेड तपासला, फ्रीजवरचा कागद दोनदा वाचला; सगळं जिथल्या तिथे होतं. तेव्हाच तिने फोन केला होता. दुकानदारालाही केला, पण त्याचं दुकान त्या आठवड्यात बंद होतं, मेव्हणीच्या लग्नासाठी तो बाहेर होता. मग सतराव्या दिवशी छत्रीवर साय धरल्यासारखं पातळ, मेणचट कातडं आलं आणि कडेने सुटायला लागलं. अठरावा दिवस गेला, एकोणिसावा गेला. फरक नाही.

"वास येत होता?" बाईंनी विचारलं.

"नाही. मी मुद्दाम घेऊन बघितला. काहीच वास नव्हता. पण म्हटलं, वास सुटेपर्यंत कशाला थांबायचं? तुम्ही दवाखान्यातून दमूनभागून येणार, आणि दारातच ते तसं दिसणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून मग..." ती टाकीकडे वळली. "दगडासकट काढलं. आणि टाकी घासून ठेवली."

"ते कातडं सुटलं तिथे खालून कसं दिसत होतं?"

भावजयीने आठवून पाहिलं. "खालून? खालून तसं स्वच्छच होतं. गुळगुळीत. फिकट पिवळं."

बाई खुर्चीत बसल्या.

छत्रीची जात वर्षातून एक-दोनदा असं करते. अंगावर धूळ, शेवाळ, काय काय चढतं. मग ती बोटं मिटून घेते, वर मेणाचं कातडं धरते, आणि त्याच्यासकट सगळी घाण टाकून देते. आठ-दहा दिवस ती मेल्यासारखी दिसते. नंतर उघडते, ती आधीपेक्षा मोठी होऊन. बाईंनी हे सव्वीस वर्षांत चाळीस-पन्नासदा बघितलं होतं. दर वर्षी पहिल्या वर्षाचं कुणीतरी पोर धावत यायचं, बाई, ते मेलं, आणि बाई मान वर न करता म्हणायच्या, मेलं नाही, कात टाकतंय, जा, जागेवर बस. मेलेलं पोवळं पहिल्याच दिवशी घाण मारतं. वास नाही म्हणजे जिवंत. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की ते कुणाला सांगावं लागतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. सात सूचना लिहिल्या. आठवी लिहिली नाही.

"आमचं काही चुकलं का, ताई?" भावजयीने विचारलं. ती समोर उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. घरात काही फुटलं तर पोरं उभी राहतात तशी.

"नाही गं," बाई म्हणाल्या. "गेलंच होतं ते. साय धरली की संपलंच समजायचं."

भावजय रडायला लागली. सुटल्यासारखी रडली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तू तरी किती बघशील, असं काहीतरी म्हणत राहिल्या. संध्याकाळी भाऊ आला, त्यालाही बाईंनी तेच सांगितलं. एकदा बोललेलं दुसऱ्यांदा बोलायला सोपं गेलं.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की टाकलं कुठे. भावजयीने सांगितलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, ओल्या कचऱ्याच्या डब्यात. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन घेऊन गेली. त्याला आता तीन दिवस झाले होते. म्हणजे ओल्या कागदात, बंद डब्यात, ती रात्रभर तरी जिवंत असणार. कदाचित सकाळीही. बाईंनी हात धुतले, ताटं उचलली, ओटा पुसला. भाची अभ्यासाला बसली होती, तिला गणितातलं काही अडलं होतं, ते समजावलं. आणि सगळा वेळ त्यांच्या डोक्यात तो कागद होता, तो किती वेळात कोरडा पडला असेल, हे.

त्यांना राग यावा असं फार वाटत होतं. भावजय निष्काळजी असती, कुचकट असती, तर चार शब्द तोंडावर फेकता आले असते, बॅग उचलून दार आपटता आलं असतं. पण तिने रेघेवर पाणी ठेवलं होतं. वायर पुसून गुंडाळली होती. तीन घरांत मिळून एकही वाईट माणूस नव्हतं, आणि बाईंना जायला कुठेही जागा नव्हती.

टाकी देऊन टाकायची, हे बाईंनीच ठरवलं. भाऊ म्हणत होता, दुसरं पोवळं आण, त्यात काय एवढं. बाई नको म्हणाल्या आणि त्याने पुन्हा आग्रह केला नाही. भावजयीने इमारतीच्या सूचना फलकावर चिठ्ठी लावली. चौथ्या मजल्यावरचं एक तरुण जोडपं रविवारी सकाळी बघायला आलं. दोघंही फिरतीच्या नोकरीत, महिन्याचे पंधरा दिवस गावोगाव. घरी यावं तर काहीतरी जिवंत असावं, पण त्याचं फार करावं लागू नये, असं त्यांच्या मनात होतं. जोडप्यातल्या मुलीने वही आणली होती.

बाईंनी टाकी दाखवली. कोणतं पोवळं घ्यावं असं विचारलं, तेव्हा लेदर घ्या म्हणाल्या, दुसरं तुम्हाला झेपणार नाही. पाण्याचं, मिठाचं, उजेडाचं सांगितलं. सांगता सांगता त्या जुन्या आवाजात बोलू लागल्या, प्रयोगशाळेतल्या. मुलगी भराभरा लिहून घेत होती. भावजय पाण्याचे पेले घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"आणि मेलं हे कसं ओळखायचं?" मुलीने विचारलं. "म्हणजे, आमच्या लक्षात तरी यायला हवं."

बाई थांबल्या. त्यांनी भावजयीकडे पाहिलं. काय सांगावं, कसं सांगावं, हे जुळवेपर्यंत भावजयच बोलून गेली, अगदी समजावण्याच्या सुरात.

"वरून सायीसारखं कातडं सुटतं. तसं झालं की समजायचं, संपलं. मग ठेवू नका. हो ना, ताई?"

मुलीची पेन्सिल थबकली आणि तिने बाईंकडे बघितलं.

"हो," बाई म्हणाल्या.

मुलीने ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. नवऱ्याने टाकी उचलली, तिने पिशवी घेतली, दोघांनी तीन-तीनदा आभार मानले. दार लागलं. भावजय पेले घेऊन आत गेली. ती हलक्या मनाने काहीतरी गुणगुणत होती. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी भावजय कामाला गेल्यावर बाई चौथ्या मजल्यावर गेल्या. एकटीलाच गाठून मुलीला सांगायचं, आणि खाली कुणाला बोलू नका म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. घंटा वाजवली. पुन्हा वाजवली. समोरच्या घरातल्या आजोबांनी दार किलकिलं करून सांगितलं, दोघंही पहाटेच गेले, आता पंधरवड्याने येतील. कधी येतात, कधी जातात, पत्ता लागत नाही.

फोन नंबर आजोबांकडे नव्हता. भावजयीकडे असणार, पण तो मागायचा तर का हवा ते सांगावं लागलं असतं. बाई जिन्यात उभ्या असतानाच धाकट्याचा फोन आला. जुळ्यांना दोघांनाही कांजिण्या निघाल्या होत्या, बायकोला रजा मिळत नव्हती. ताई, येशील का? आजच निघालीस तर बरं. बाई म्हणाल्या, येते.

खाली येऊन त्यांनी बॅग भरली. मग भाचीच्या वहीतलं एक पान फाडून लिहिलं: साय धरली तर टाकू नका. बोटं मिटली, रंग गेला, तरी टाकू नका. वास येत नाही तोवर ते जिवंत आहे. दहा दिवस थांबा. खाली सही करावी की नाही, याचा त्यांनी विचार केला आणि केली नाही.

त्या पुन्हा चार मजले चढल्या. दाराखालून कागद आत सारला. तो अर्धा गेला आणि कशालातरी अडला. आत पायपुसणं असावं, किंवा आधीच येऊन पडलेली जाहिरातींची पत्रकं. बाईंनी बोटांनी ढकलून पाहिलं, मग फूटपट्टी असती तर बरं झालं असतं असं वाटलं. शेवटी दुमडून, चपटा करून त्यांनी तो कसाबसा आत लोटला. तो कुठे गेला ते बाहेरून दिसत नव्हतं.

समोरचं दार अजून किलकिलंच होतं. आजोबांनी विचारलं, काही महत्त्वाचं होतं का.

"नाही," बाई म्हणाल्या. दोनची बस गाठायची होती. कठडा धरून त्या जिना उतरू लागल्या.